गोमतीबाईंचा कोरा माणूस

"आमच्या घरीं आता एकही कोरा माणूस उरला नाहीं," असं गोमतीबाई मला ओळख झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच म्हणाल्या. चेहरा असा, की घरातले तांदूळ संपलेत आणि संध्याकाळी पाहुणे जेवायला यायचेत. मी कॉलेजात शिकवायला नवी लागलेली, त्यात चेन्नईत नवी. कोरा माणूस म्हणजे काय, तो घरात कशाला ठेवायचा आणि तो संपतो कसा, ह्यातलं मला काहीच कळलं नाही. मी आपली मान हलवली.

मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रयोगशाळा असते, उपकरणं असतात आणि परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात. रसायनशास्त्रवाल्यांचं काम बाटलीतल्या आम्लावर भागतं. आम्हाला मात्र जिवंत माणूस लागतो. त्याला सब्जेक्ट म्हणतात, आणि परीक्षेच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने आपापला सब्जेक्ट बरोबर घेऊन यायचा असतो. अट एकच. त्या माणसाने तो प्रयोग आधी कधी केलेला नसावा. एकदा केला की हात शिकतो आणि माणूस प्रयोगाच्या दृष्टीने वाया जातो. न वापरलेल्या माणसाला गोमतीबाई कोरा माणूस म्हणत. मुलांचे सब्जेक्ट ऐन वेळी टांग देत, त्यामुळे इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी कॉलेजचा वॉचमन, कॅन्टीनवाला, फाटकाबाहेरची फुलवाली, शेजारीपाजारी आणि सासर-माहेरची यच्चयावत माणसं वापरून संपवली होती.

नातलगांत लग्न ठरलं की बाकीचे पत्रिका बघत, मुलाचा पगार विचारत. गोमतीबाई विचारत, मुलीकडची माणसं किती? एकदा एका पुतण्याच्या साखरपुड्याहून आल्या त्या खूश होऊनच. "मोठें कुटुंब आहे ग. अस्के कोरे!" अस्के म्हणजे सगळे. त्या बिचाऱ्या नव्या व्याह्यांना अजून कल्पना नव्हती, की मार्चमध्ये त्यांना रांगेने प्रयोगशाळेत बसवण्यात येणार आहे.

गोमतीबाई तंजावरकडच्या. काही पिढ्यांपूर्वी ज्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच झाले, त्यांच्यातल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत रोजचा गजरा, डब्यात डांगर पचडी, आणि तोंडात मोडी कागदांतून उठून आल्यासारखी मराठी, तिला तमिळचा हेल. मुलं त्यांना गोमती मिस म्हणत आणि त्यांच्याशी तमिळ नाहीतर इंग्रजीत बोलत. त्यांना मराठी येतं हे मला पहिल्या आठवड्यात कळलंही नव्हतं. त्यांना मात्र माझं कळलं. मी एका कोपऱ्यात उत्तरपत्रिका मोजत बसले होते. मागून आवाज आला, "तू मराठी ना ग?" मी दचकलेच. दिवसभर मी इंग्रजीतच बोलत होते. "बोलतांना माणूस कोणत्याही भाषेत बोलतें," त्या म्हणाल्या, "पण मोजतें आपल्याच भाषेत." त्या दिवसापासून त्या मला 'बॉम्बे' म्हणू लागल्या. मी सांगलीची आहे, मुंबईत माझं कुणी नाही, हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. "सांगली म्हणजे बॉम्बेच्या पलीकडे की अलीकडे?" असं विचारून त्यांनी विषय मिटवला.

मानसशास्त्र शिकवणं हा एक चमत्कारिक उद्योग आहे. गणिताच्या मास्तरांना कुणी रस्त्यात अडवून भागाकार करून मागत नाही. आम्हाला बसमधली अनोळखी बाईसुद्धा स्वप्नाचा अर्थ विचारते. वर्गात निम्मी मुलं कॉमर्सला जागा न मिळाल्यामुळे आलेली, उरलेली माणसांच्या मनातलं ओळखायला शिकवतात अशा समजुतीने आलेली. पहिल्या तासाला दरवर्षी एक मुलगा उठून विचारायचाच, "मिस, माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते सांगता येईल?" गोमतीबाई चष्मा काढायच्या, पुसायच्या, त्याच्याकडे टक लावून बघायच्या. वर्ग चिडीचूप. मग म्हणायच्या, "बेल कधी होणार." आजवर एकदाही चुकल्या नाहीत.

दुसरं संकट जानेवारीत यायचं. मनोविकारांचा धडा सुरू झाला की वर्गातल्या प्रत्येकाला तो धड्यातला विकार व्हायचा. सोमवारी निराशा शिकवली की मंगळवारी चार जणी डोळे सुजवून दारात. संशयाचा विकार शिकवला की मुलं मुलांकडे तिरकं बघायला लागायची. ह्याला बाई 'साथ' म्हणत, आणि साथीवर त्यांचा तोडगा ठरलेला होता. आधी त्या प्रत्येकाला शांतपणे, मान हलवत, पूर्ण ऐकून घेत. मग विचारत, सकाळी नाश्ता केलास का? बहुतेकांनी केलेला नसायचा. बाई त्यांना कॅन्टीनला पिटाळत. एखादी मुलगी मात्र त्या पिटाळत नसत. तिला बसवून घेत, दार लोटून घेत आणि पुढे कितीतरी दिवस तिच्यामागे असत. कुणाला पिटाळायचं आणि कुणाला बसवायचं हे त्यांना कसं कळायचं, हे मी कितीदा विचारलं. त्यांनी सांगितलंही. मला ते अजून जमत नाही.

आईबापांचा प्रकार आणखी निराळा. प्रवेशाच्या वेळी एकदा एका आईने हळूच विचारलं होतं, हे शिकून पोरीला पैत्तियम तर लागणार नाही ना? पैत्तियम म्हणजे वेड. बाई म्हणाल्या, "मी इतकीं वर्षें शिकवतें. माझ्याकडे बघून तुम्हीच ठरवा." ती आई घाबरून मुलीला घेऊन गेली. ती जागा त्या वर्षी रिकामी राहिली आणि विभागप्रमुख बरेच दिवस धुमसत होते.

पण गोमतीबाईंचा खरा जीव होता तो आरशाच्या प्रयोगात. एक लाकडी फळी, तिच्यावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेला कागद, पुढे उभा आरसा. हातावर पडदा असतो, त्यामुळे आपला हात थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करायला गेलं की कळतं. हाताला वर म्हणावं तर खाली जातो, कोपऱ्यावर तर जागच्या जागी थरथरत राहतो. पहिल्या खेपेला भलेभले घामाघूम होतात. दुसऱ्या खेपेला वेळ थोडा कमी लागतो, तिसऱ्याला आणखी कमी. त्याचा आलेख काढला की रेघ डावीकडून उजवीकडे छान उतरत जाते. माणूस शिकतो, तो असा. निदान पुस्तकात तरी असं दिलेलं आहे.

आता मुलं हुशार. रेघ उतरायलाच हवी हे त्यांना ठाऊक, तेव्हा सब्जेक्टला कशाला त्रास? घरी बसून आकडे लिहायचे, सुंदर उतरती रेघ काढायची, शेजाऱ्याचं नाव टाकायचं. सगळ्या गावभर हेच चालतं. गोमतीबाईंना ते अजिबात खपत नसे. वहीतली रेघ जरा जास्तच गुळगुळीत दिसली की त्या मुलाला बोलावत आणि त्याच्या सब्जेक्टचा पत्ता मागत. खरोखर जात. एका मुलाचा सब्जेक्ट तो प्रयोग करायच्या आधीच गावी गेलेला निघाला. वर्गात त्यांचं एकच वाक्य असे, "नडंददै एळुदु." मला तेच मराठीत ऐकवत, "झालें तें लिही. व्हायला पाहिजे होतें तें लिहायला पुस्तक आहेच की."

आणि ह्याचा पुरावा म्हणून त्या वर्गात आपल्या नवऱ्याचा आलेख दाखवत. त्यांचे यजमान श्रीनिवासराव गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस होते. निवांत, गोड, कुणाला ना म्हणायची सवय नसलेला माणूस. नवी नवरी घरात आली ती ही फळी घेऊनच. तिने त्यांना आरशासमोर बसवलं. पहिल्या खेपेला बरं जमलं. दुसऱ्या खेपेला त्याहून जास्त वेळ लागला. तिसऱ्याला आणखी. त्यांची रेघ खाली येण्याऐवजी वर चढत गेली. "बायको समोर बसून बघत होती ना," असं श्रीनिवासरावांचं म्हणणं. बाईंनी तो कागद लॅमिनेट करून घेतला होता. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला तो फळ्यावर लागे. "हे माझे हजबंड," बाई कौतुकाने सांगत, "ह्यांनीं पुस्तक वाचलेलें नव्हतें." मुलं टाळ्या वाजवत. श्रीनिवासराव कॉलेजात आले की मुलं कुजबुजत, रेघ वर गेलेले सर आले.

आता सेल्वी. तिसऱ्या वर्षाला होती. काळी, चुणचुणीत, बोलायला जरा फटकळ. बाप कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतल्या पाळ्यांची माणसं ने-आण करायचा. सेल्वीला एम. एस्सी. करायचं होतं, आणि तिला जिथे जायचं होतं तिथे पहिला वर्ग लागे. बापाचं म्हणणं, आधी नोकरी बघ. बऱ्याच वादावादीनंतर तडजोड झाली होती. पहिला वर्ग मिळाला तर शीक, नाही तर नोकरी. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं, आणि गोमतीबाईंना वर्गापेक्षा जास्त ठाऊक होतं. सेल्वी त्यांची लाडकी होती.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी सेल्वीचा सब्जेक्ट आला नाही. शेजारची मुलगी यायची होती, तिला ताप. सेल्वीच्या वाट्याला नेमका आरसाच आला. नियमाप्रमाणे सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही. गोमतीबाई फाटकाकडे धावल्या. पाठोपाठ मी. आजूबाजूला सगळी वापरलेली माणसं. कॅन्टीनवाल्याने तर आम्हाला बघून आपण होऊनच मान हलवली. तेवढ्यात बाईंना खाकी कपड्यांतला सेल्वीचा बाप दिसला. पोरीला सोडून तो चहा पीत उभा होता. "कधी आरशाचा प्रयोग केला आहे का?" त्याने नाही म्हटलं. बाईंनी त्याचा हात धरला आणि त्याला आत आणलं. तो रात्रपाळी संपवून सरळ तिथेच आलाय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सेल्वीने बापाला समोर बसवलं आणि सूचना वाचल्यासारख्या म्हटल्या. ह्या सूचना शब्दन्‌शब्द ठरलेल्या असतात. घाबरू नका. ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही. जमेल तसं करा. बापाने मान डोलावली. पहिली खेप त्याने छान केली. दुसरी बरी. तिसऱ्या खेपेला पेन्सिल चांदणीच्या एका कोपऱ्यात शिरली आणि तिथेच राहिली. आम्हाला वाटलं, विचार करतोय. मग हलकं घोरणं ऐकू आलं.

सेल्वीने त्याला हलवलं. त्याने दचकून खेप पुरी केली, चौथी केली, पाचवीला परत डुलकी. सेल्वीच्या हातात असे आकडे होते, की ज्यांची रेघ डोंगरासारखी वर जाणार होती. तिने मान वर करून गोमतीबाईंकडे बघितलं. परीक्षक दुसऱ्या टेबलाशी होते. दोन आकडे बदलले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, बदल पोरी, बदल. बाई तिच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "नडंददै एळुदु."

तिने लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तिसऱ्या व पाचव्या खेपेस सब्जेक्ट झोपला.'

परीक्षकांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं मुलगी थट्टा करतेय. "आलेख खाली यायला हवा," ते इंग्रजीत म्हणाले. गोमतीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "सर, माणूस रात्रभर बस चालवून आला होता. आलेख खाली आला असता तर मी ह्या मुलीला नापास केलें असतें." परीक्षक म्हणाले, मग असा सब्जेक्ट निवडणं ही विद्यार्थिनीची चूक. सब्जेक्ट मी निवडला, असं बाई म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आवाज चढवून म्हणाल्या. उपयोग झाला नाही. परीक्षकांनी तिचे भरपूर गुण कापले, आणि निकाल लागला तेव्हा सेल्वीचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता.

सेल्वी निकालाच्या दिवशी विभागात आली नाही. गुणपत्रिका घ्यायला मैत्रिणीला पाठवलं. मैत्रीण निरोपही घेऊन आली, आणि तो तिने खाली मान घालून सांगितला, "सेल्वी म्हणते, मिसना सांग, खरं लिहिलं." एवढंच. गोमतीबाई त्या दिवशी डबा न उघडता घरी गेल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत मी त्यांना कितीदा तरी खळखळून हसताना पाहिलं, पण तो निरोप त्यांच्या आत कुठेतरी रुतून बसला होता. मी शोळिंगनल्लूरला राहायची, आणि सेल्वी तिथल्याच एका कॉल सेंटरात लागली होती. "बॉम्बे, तिकडे सेल्वी दिसते का ग?" असं बाई मधूनच विचारत. दिसायची. कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असायची. मला बघून मान हलवायची, हसायची, पण बाईंची चौकशी करायची नाही. मी बाईंना सांगे, बरी आहे. "विचारलें काहीं?" नाही. "सरि," म्हणजे बरं, असं म्हणून त्या कामाला लागत.

"तुम्ही चुकलात का?" असं मी एकदा विचारलंच.

"नाहीं," त्या म्हणाल्या. मग टेबलावरची फळी पुसायला घेतली. "पण भोगलें तिनें."

मग प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले. आरशाचा प्रयोग पडद्यावर माऊसने होऊ लागला आणि जुन्या फळ्या भंगारात निघाल्या. त्यातली एक बाई रिक्षात घालून घरी घेऊन गेल्या. त्यानंतर वर्षभरातच, निवृत्तीला थोडे महिने असताना, त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. वाचा सावकाश परत आली. उजवा हात आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताला काम द्या.

मी संध्याकाळी सेल्वीला तिच्या थांब्यावर गाठलं आणि एवढंच सांगितलं, वर रविवारी सकाळी मी बाईंकडे जाणार आहे हेही. तेवढ्यात तिची गाडी आली. रविवारी सकाळी मी नंगनल्लूरला बाईंच्या घरी निघाले, तर बस स्टॉपवर सेल्वी उभी. हातात मोसंब्यांची पिशवी.

बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. गजरा होता, जरा तिरका माळलेला. श्रीनिवासरावांनी माळला होता हे दिसतच होतं. त्यांनी डाव्या हाताने सेल्वीला जवळ बोलावलं. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, तमिळमध्ये म्हणाल्या, "चिडली होतीस."

"फार चिडले होते, मिस."

"चिडायचीच गोष्ट होती." त्यांनी दम घेतला. "पण झोपले होते ना ग अप्पा?"

सेल्वीने त्यांच्याकडे बघितलं. "झोपलेच होते, मिस. चांगले घोरत होते."

बाईंचं तोंड एका बाजूने हसलं. मग त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. श्रीनिवासरावांनी फळी आणली, आरसा उभा केला, पडदा बसवला. मला कळेना. "तुम्हाला हा प्रयोग पाठ आहे," मी म्हणाले, "तुम्ही कोऱ्या कशा?"

"मी नव्हें ग, बॉम्बे," बाई मराठीत म्हणाल्या आणि डावा हात उचलून मला दाखवला. "हा. ह्याला काहींच ठाऊक नाहीं."

सेल्वी समोर बसली. पाठ सरळ केली आणि तमिळमध्ये, एक शब्द इकडचा तिकडे न करता, ठरलेल्या सूचना म्हणू लागली. घाबरू नका. ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही. जमेल तसं करा. मी आरशात बघायचं टाळलं, कारण आरशात आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

स्टॉपवॉच श्रीनिवासरावांच्या हातात. बाईंची पेन्सिल निघाली. इकडे भरकटली, तिकडे भरकटली, कोपऱ्यात अडली, बाईंच्या ओठांवर घाम आला. बऱ्याच वेळाने चांदणी पुरी झाली. श्रीनिवासरावांनी घड्याळ बघितलं आणि मोठ्या आनंदाने एक आकडा सांगितला. इतका छान, की मलाही बरं वाटलं.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. सेल्वीच्या मनगटावर घड्याळ होतं. "तूं सांग," त्या म्हणाल्या.

सेल्वीने मनगटाकडे बघितलं. श्रीनिवासराव तिच्याकडे विनवणीच्या डोळ्यांनी बघत होते. शेवटी सेल्वीने खरा आकडा सांगितला. तो त्यांच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता.

"लिही," गोमतीबाई म्हणाल्या, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच मला त्यांच्या वर्गातल्या आवाजातला शब्द ऐकू आला.

दुसरी खेप झाली. थकल्यामुळे जास्त वेळ लागला. तिसरीला आणखी. श्रीनिवासराव पुरे म्हणत होते, बाई ऐकत नव्हत्या. मग सेल्वीने चौकटीच्या कागदावर तीन टिंबं मांडली आणि जोडली. रेघ वर गेली होती. अगदी तशीच, जशी लॅमिनेट केलेल्या कागदावरची. बाईंनी ती बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या खांद्यापासून हसू सुटलं. "अय्यो," त्या म्हणाल्या, "आता घरांत दोघेंही तसेच." श्रीनिवासराव हसता हसता डोळे पुसायला लागले.

पुढच्याच महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली होऊन आम्ही चेन्नई सोडली, त्यामुळे माझ्यापाशी गोमतीबाई आहेत त्या ह्याच. तिरका गजरा, डाव्या हातात पेन्सिल, आणि हसणं आवरत नाही म्हणून चौथी खेप सुरू होत नाहीये. सेल्वी समोर थांबली आहे. आणि कुणी न सांगता तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सब्जेक्ट हसत होती.'